हात पोहोचत नाही तिथे : टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील उपकरणबांधणीचा इतिहास

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गेल्या ऐंशी वर्षांत विश्वकिरणांसाठी आणि कणभौतिकीसाठी जी उपकरणे बांधली, ती कुठे कुठे ठेवली गेली हे पाहिले तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. काही कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरली. काही हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांखाली वातावरणाच्या माथ्यावर गेली. काही जिनिव्हाजवळ सर्न या युरोपीय संशोधन केंद्राच्या भुयारात, जमिनीखाली शंभर मीटरवर, हजारो टन लोखंडाच्या पोटात बसली. एकदा उपकरण जागेवर बसले की तिथे जाऊन सैल झालेला स्क्रू आवळता येत नाही, आणि कधी जाता आलेच तर त्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. या संस्थेचे गणित, तिची रेडिओ खगोलशास्त्राची परंपरा, तिचे जीवशास्त्र यांना प्रत्येकी स्वतंत्र लेख हवा, म्हणून इथे त्यांना हात घातलेला नाही. माझे प्रतिपादन एकच आहे. दुरुस्तीची सोय नसलेल्या जागी विश्वासाने चालणारे उपकरण बांधण्याची शिस्त ही या संस्थेची सर्वांत मोठी कमाई आहे. आज त्या शिस्तीचा सर्वांत जास्त कस लागतो तो प्रारणाच्या माऱ्यात टिकणाऱ्या ऑप्टिकल दुव्यांत, म्हणजे डिटेक्टरने टिपलेली माहिती प्रकाशाच्या रूपाने बाहेर आणणाऱ्या साखळीत.

संस्थेची सुरुवात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. होमी भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. १९४५ च्या जूनमध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात काम सुरू झाले आणि त्याच वर्षअखेरीस ते मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आले. १९४९ मध्ये संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली आणि १५ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कुलाब्याच्या आजच्या इमारतीचे उद्घाटन झाले. या स्थलांतरांपेक्षा महत्त्वाची आहे ती त्या काळात पडलेली एक सवय. परदेशी चलनाची चणचण होती, आणि बाजारात तयार मिळत नाही अशा वस्तूंची गरज तर रोजची होती. म्हणून गायगर नळ्या, क्लाउड चेंबर, मोजणीची इलेक्ट्रॉनिक मंडले ही संस्थेतच बनू लागली. संगणकही इथेच बांधला गेला : त्याचे प्रायोगिक रूप १९५६ मध्ये चालू झाले, पूर्ण यंत्र १९६० मध्ये उभे राहिले, आणि त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. अणुऊर्जा खात्याला लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवणारी जी शाखा इथे रुजली, ती पुढे तुर्भ्याला गेली आणि तिच्यातूनच १९६७ साली हैदराबादला ईसीआयएल हा सरकारी कारखाना निघाला. गरजेपोटी लागलेली ही सवय पुढे संस्थेच्या स्वभावात मुरली.

त्या सवयीला शिस्तीचे रूप कोलारने दिले. १९५१ च्या सुमारास बी. व्ही. श्रीकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलारच्या खाणींत निरनिराळ्या खोलींवर विश्वकिरणांतले म्यूऑन हे कण मोजायला सुरुवात केली. जितके खोल जावे तितका वरचा खडक जास्त, आणि तितके म्यूऑन कमी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला उपकरणे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास नेली, तेव्हा सुमारे दोन महिन्यांत एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. या शून्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रयोगातून काहीतरी नोंदले गेले तर उपकरण चालू आहे याची खातरी आपोआप होते. काहीच नोंदले गेले नाही, तर दोन शक्यता उरतात : एक तर तिथे खरोखरच काही नव्हते, किंवा उपकरण बंद पडले होते. त्या शून्याला विज्ञानात किंमत मिळाली ती उपकरण जिवंत होते हे दाखवून देता आले म्हणून. त्या शून्यातूनच पुढचा विचार निघाला. इतक्या शांत जागी म्यूऑनचा गोंगाट नसल्यामुळे वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो ओळखता येतील, हा तो विचार. ओसाका आणि डरहॅम विद्यापीठांच्या साथीने त्यानुसार केलेल्या प्रयोगात असे न्यूट्रिनो सापडल्याचा निष्कर्ष १५ ऑगस्ट १९६५ रोजी छापून आला. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाने केलेल्या स्वतंत्र प्रयोगाचा निबंध त्यानंतर पंधरा दिवसांनी प्रसिद्ध झाला. पुढे १९८० पासून त्याच खाणीत प्रोटॉनचा ऱ्हास होतो का हे पाहण्यासाठी १४० टनांचा डिटेक्टर चालवला गेला. उष्णता, दमट हवा, मधूनच होणारे खडकांचे स्फोट, आणि वर यायला पिंजऱ्याचाच आधार : अशा ठिकाणी उपकरण चालवणाऱ्या माणसाला साध्या जोडाचे, सोल्डरचे, तारेच्या टोकाचे महत्त्व कोणत्याही ग्रंथापेक्षा जास्त कळते.

हीच माणसे आणि हीच रीत पुढे परदेशी प्रवेगकांवरच्या प्रयोगांत गेली. अमेरिकेतल्या फर्मिलॅबमधला डी-झिरो आणि सर्नमधला एल-थ्री या प्रयोगांत संस्था सहभागी होती. डी-झिरोने १९९५ मध्ये तिथल्याच सीडीएफ या प्रयोगाच्या बरोबरीने टॉप क्वार्क शोधला. १९९१ मध्ये भारताच्या अणुऊर्जा खात्याचा सर्नशी सहकार्य करार झाला आणि लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या सीएमएस या प्रयोगात संस्थेला स्वतःची अशी जबाबदारी मिळाली. ती होती कणांची ऊर्जा मोजणाऱ्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटरची. सीएमएसच्या पोटात ३.८ टेस्लाचा प्रचंड सोलेनॉइड चुंबक आहे. त्याच्या आतल्या कॅलरीमीटरने हॅड्रॉनची, म्हणजे प्रोटॉन-पायॉनसारख्या कणांची, सगळी ऊर्जा शोषून घ्यावी अशी अपेक्षा असते, पण मधल्या भागात चुंबकाच्या आत तेवढी जाडी बसत नव्हती. जास्त ऊर्जेच्या हॅड्रॉनच्या वर्षावाची शेपटी बाहेर निसटली तर ऊर्जेचा हिशेब चुकतो, आणि जी ऊर्जा नुसती निसटली आहे ती कुठल्यातरी अदृश्य कणाने नेली असा गैरसमज होऊ शकतो. म्हणून चुंबकाच्या बाहेर आणखी एक थर हवा होता. पंजाब विद्यापीठाच्या साथीने संस्थेने तो बांधला.

त्या थरातली एक फरशी जवळून पाहण्यासारखी आहे. ती आहे सिंटिलेटर प्लास्टिकची, एक सेंटिमीटर जाडीची. तिच्या पृष्ठभागावर बारीक चर कोरलेले आहेत. चराचा आडवा छेद चावीच्या भोकासारखा आहे, तोंडाशी अरुंद आणि आत गोल, म्हणजे आत घातलेला फायबर आपोआप बाहेर येत नाही. फायबरची जाडी ०.९४ मिलिमीटर. कण फरशीतून गेला की निळसर चमक उमटते. फायबर ती शोषतो आणि हिरव्या रंगात पुन्हा सोडतो, आणि तो हिरवा प्रकाश फायबरच्या टोकाकडे वाहत जातो. हा रंग बदलणारा फायबर लांबवर प्रकाश नेण्यात कच्चा असतो, म्हणून त्याच्या टोकाला स्वच्छ फायबर वितळवून जोडावा लागतो. या जोडात प्रकाश किती वाया जातो यावर त्या फरशीचे आयुष्यभराचे काम अवलंबून असते, कारण एकदा फरशी पांढऱ्या टायवेकमध्ये आणि काळ्या टेडलारमध्ये गुंडाळून ट्रेमध्ये बसली आणि तो ट्रे चुंबकाच्या लोखंडी वलयांत सरकला की तो जोड पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही. असे चारशेहून अधिक ट्रे बनले. ज्यांनी जोड केले, पॉलिश केले, आणि विश्वकिरणांचे म्यूऑन वापरून एकेक फरशी तपासली, त्यांच्या हाताची चूक शोधायला पुढे कुणीच जाणार नव्हते. कोलारच्या खाणीतली शिस्त इथे मिलिमीटरच्या मापावर आली होती.

आता त्या प्रकाशाचे पुढे काय होते ते पाहू, कारण ऑप्टिकल दुवा तिथून सुरू होतो. फरशीतला प्रकाश प्रकाशसंवेदी साधनावर पडतो, त्याचा विद्युत संकेत होतो आणि चिपमध्ये त्याचा आकडा बनतो. कोलायडरमध्ये दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनचे पुंजके एकमेकांवर येतात, म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळा हे आकडे बाहेर पाठवायचे असतात. ते तांब्याच्या तारेने पाठवले असते तर तारांचा जुडगा जाड झाला असता, वजन वाढले असते आणि कणांच्या वाटेत तेवढा अडथळा आला असता. त्याहून वाईट म्हणजे डिटेक्टर आणि बाहेरची खोली तारांनी जोडली गेली की एका ठिकाणचा विद्युत गोंगाट दुसऱ्या ठिकाणी शिरतो. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून ही वाट बंद होते. सीएमएसच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरमध्ये सुरुवातीला सर्नने आखलेली जीओएल नावाची चिप हे आकडे सेकंदाला १.६ गिगाबिट वेगाने एका ओळीत लावत होती, छोटा लेसर ते प्रकाशाच्या ठिपक्यांत बदलत होता आणि शंभर मीटरच्या आसपास लांबीच्या फायबरने ते मोजणीच्या खोलीत पोहोचत होते.

प्रारणाचा मारा या साखळीतल्या प्रत्येक कडीवर वेगळ्या तऱ्हेने होतो, आणि या विषयातली खरी अडचण हीच आहे. चिपमधल्या ट्रान्झिस्टरच्या ऑक्साइड थरात विद्युतभार अडकून बसतो आणि त्याचे चालू-बंद होणे बिघडते. न्यूट्रॉन आणि पायॉन लेसरच्या स्फटिकातले अणू जागेवरून उडवतात. मग लेसर पेटायला जास्त प्रवाह लागतो आणि प्रकाश मात्र कमी मिळतो. प्रकाश टिपणाऱ्या डायोडमध्ये गळतीचा प्रवाह वाढतो. फायबरच्या काचेत रंगकेंद्रे तयार होतात आणि ती हळूहळू काळवंडते. काचेत फॉस्फरस असेल तर हे फार लवकर होते, म्हणून काच कुठली घ्यायची हेही आधी ठरवावे लागते. हे सगळे हळूहळू साचणारे नुकसान झाले. त्याखेरीज एक नुकसान क्षणात होते : एखादा कण चिपमधल्या एका पेशीतून गेला की तिथला शून्याचा एक होतो. तोच कण प्रकाश टिपणाऱ्या डायोडमधून गेला तर तो स्वतःच प्रकाशाचा ठिपका असल्यासारखा नोंदला जातो. हळू होणाऱ्या नुकसानीवर उपाय पदार्थाचा आणि रचनेचा. ऑक्साइडचा थर पातळ केला तर त्यात भार फारसा अडकत नाही, हे पाव मायक्रॉनच्या तंत्राने दाखवून दिले, आणि ट्रान्झिस्टरचे गेट कड्यासारखे वळवले तर कडेची गळतीही थांबते. क्षणात होणाऱ्या नुकसानीवर उपाय गणिताचा. जीओएलनंतर आलेल्या जीबीटीएक्स चिपमध्ये दर २५ नॅनोसेकंदांना १२० बिटांची एक चौकट जाते. त्यांतले ८० बिट प्रयोगाच्या माहितीचे, ४ सुरुवातीच्या खुणेचे, ४ नियंत्रणाचे आणि तब्बल ३२ बिट निव्वळ चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेले. सलग सोळा बिट बिघडले तरी मूळ माहिती परत मिळवता येते. एक चतुर्थांशाहून जास्त जागा दुरुस्तीसाठी सोडणे बाजारातल्या कुणाही उत्पादकाला उधळपट्टी वाटेल. दुरुस्तीला माणूस जाऊ शकत नाही तिथे ही दुरुस्ती आधीच माहितीत भरून पाठवावी लागते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आज फायबर गावोगाव पोहोचला आहे. सुरतजवळच्या कामरेजच्या चार रस्त्यांवरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने जाताना कडेने केबल गाडल्याच्या पाट्या दिसतात, त्या केबलांतून प्रयोगातल्या दुव्यापेक्षा कितीतरी जास्त वेगाने माहिती वाहते. मग दूरसंचाराच्या बाजारात जे मिळते तेच घेऊन का चालत नाही? काही अंशी तेच घेतले जाते. लेसर डायोड आणि फायबर हे मूळचे बाजारातलेच असतात. त्यांचे निरनिराळे नमुने न्यूट्रॉन आणि गॅमा किरणांखाली धरून, उतरलेले बाजूला काढून, टिकलेले निवडले जातात. पण दूरसंचाराची सगळी व्यवस्था बदलून टाकण्यावर उभी आहे : जोड बिघडला तर माणूस जातो, खड्डा खणतो, नवा जोडतो. डिटेक्टरमध्ये ही सोय नाही, आणि ज्या चिपना प्रारणाचा मार खायचा आहे त्या बाजारात मिळतच नाहीत. शिवाय बाजारातली वस्तू सोप्या जागीही दगा देऊ शकते. अ‍ॅटलस या कोलायडरवरच्याच आणखी एका प्रयोगात मोजणीच्या खोलीत, जिथे प्रारण नव्हतेच, तिथल्या पाठवणाऱ्या संचातले लेसर एकामागून एक मरू लागले. आधी स्थिर विजेला दोष दिला गेला आणि संच बदलले. २०१० मध्ये नवेही मरू लागले, तेव्हा कळले की खरा दोष हवेतल्या ओलाव्याचा होता. त्याआधी १९ सप्टेंबर २००८ रोजी कोलायडरमध्येच दोन चुंबकांमधला एक विद्युत जोड सदोष निघाला. द्रवरूप हेलियम उसळून बाहेर आले, ५३ चुंबक बाहेर काढावे लागले आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून जास्त काळ लागला. हजारो जोडांपैकी एकाने हे केले. अशा ठिकाणी प्रत्येक जोड तपासल्याशिवाय पुढे न जाण्याच्या शिस्तीची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

संस्थेच्या स्वतःच्या थराचीही एक परीक्षा झाली. बाह्य कॅलरीमीटरमध्ये आधी हायब्रिड फोटोडायोड बसवले होते. चुंबकाच्या परतीच्या लोखंडात क्षेत्राची दिशा आणि ताकद ठिकठिकाणी बदलते. त्या क्षेत्रात हे डायोड नीट चालेनात, त्यांत विद्युत विसर्ग होऊ लागले. २०१३-१४ च्या मोठ्या विरामात ते काढून त्यांच्या जागी सिलिकॉनचे प्रकाशगुणक बसवले गेले. सिलिकॉनच्या या साधनांना न्यूट्रॉनचा त्रास होतो, हे खरे. पण चुंबकाच्या बाहेर मारा सौम्य असतो, म्हणून निवड योग्य ठरली. या बदलात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की साधने बदलली तरी फरशा, चर, फायबर आणि त्यांचे जोड होते तेच राहिले. पहिल्या पिढीचे हातकाम दुसऱ्या पिढीच्या इलेक्ट्रॉनिक्सला तसेच्या तसे उपयोगी पडले. ४ जुलै २०१२ रोजी सीएमएस आणि अ‍ॅटलसने हिग्ज बोसॉनसदृश नवा कण जाहीर केला, तेव्हाही हाच थर मुकाट्याने आपले काम करत होता.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. जीओएल, जीबीटीएक्स आणि त्यानंतरची एलपीजीबीटी या सगळ्या चिप सर्नच्या पुढाकाराने आखल्या गेल्या आणि परदेशी कारखान्यांत बनल्या. मग यात आपले काय, आपण फक्त जुळवणी करणारे का? या प्रश्नाला बगल देणे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. ऑप्टिकल दुव्याच्या मुख्य चिपचे श्रेय भारताचे नाही. एलपीजीबीटी ६५ नॅनोमीटरच्या तंत्राने बनते, आणि मोहालीतला आपला सरकारी कारखाना १८० नॅनोमीटरपर्यंतच जातो. ही उणीव आहे, तिला उणीव म्हणावे. मात्र उणिवेच्या दोन्ही बाजूंना जे उभे आहे तेही मोजावे लागते. सीएमएसच्या प्रीशॉवर डिटेक्टरमध्ये ४,२८८ सिलिकॉन संवेदक आहेत. त्यांतले सुमारे एक चतुर्थांश भाभा अणुसंशोधन केंद्र आणि दिल्ली विद्यापीठाच्या पुढाकाराने बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनले, आणि त्यांनी टिपलेली माहितीही अशाच ऑप्टिकल दुव्यांवरून बाहेर येते. अ‍ॅलिस या दुसऱ्या प्रयोगात जीबीटी दुव्यांची माहिती स्वीकारणाऱ्या संचावर कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरने काम केले. आता टाटा संस्था सीएमएसच्या नव्या हाय ग्रॅन्युलॅरिटी कॅलरीमीटरसाठी सिलिकॉन मॉड्यूल जुळवणाऱ्या जगातल्या मोजक्या केंद्रांपैकी एक आहे.

या नव्या कॅलरीमीटरचे आकडे पाहिले म्हणजे ‘फक्त जुळवणी’ या शब्दांचा अर्थ बदलतो. त्यात सहाशे चौरस मीटरहून जास्त सिलिकॉन आणि सुमारे साठ लाख वाहिन्या असणार आहेत. आठ इंची चकतीतून कापलेल्या षट्कोनी संवेदकात १९२ किंवा ४३२ पेशी असतात. संवेदक पायाच्या पत्र्यावर चिकटवायचा, त्यावर षट्कोनी सर्किट बोर्ड चिकटवायचा आणि बोर्डातल्या छिद्रांमधून केसाहून बारीक तारांनी एकेक पेशी जोडायची. गोंद जास्त झाला तर तो पसरतो आणि कमी झाला तर थंडीत सुटतो, कारण हे मॉड्यूल उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास चालणार आहे. प्रवेगकाच्या नळीला अगदी लागून असलेल्या भागात दहा वर्षांच्या कामात वीस लाख ग्रेपर्यंत प्रारणाची मात्रा साचेल. माणसाला चार-पाच ग्रेची मात्राही जीवघेणी ठरू शकते. या मॉड्यूलांची माहिती एलपीजीबीटी चिपमार्फत आणि व्हीटीआरएक्स प्लस या नखाएवढ्या ऑप्टिकल संचामार्फत सेकंदाला १०.२४ गिगाबिटपर्यंत वेगाने बाहेर जाईल. चिप कितीही कणखर असो, तिच्यापर्यंत संकेत नेणारी तार निघाली तर ती आंधळी होते. साखळीच्या कणखरपणात चिप बनवणाऱ्याचा जितका वाटा, तितकाच तार जोडणाऱ्याचा. ही बरोबरी मला महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे डिझाइनला बुद्धी आणि जुळवणीला मजुरी समजण्याची रीत आहे, आणि उपकरणांच्या इतिहासात ती रीत टिकत नाही.

तिसरा आक्षेप सामान्य नागरिकाचा : याचा आम्हाला काय उपयोग? मूलभूत संशोधनाने उपयोगाचा वायदा करू नये असे माझे मत आहे, कारण असा वायदा बहुधा खोटा पडतो. उपयोग होतो तो ज्ञानाच्या बाजूला वाढलेल्या कौशल्यातून. या संस्थेच्या इतिहासात त्याचे दाखले आहेत. १९७७ मध्ये इथे सूक्ष्मलहरी उपकरणांचा एक खास विभाग सुरू झाला. त्यातून १९८४ मध्ये समीर ही संस्था निघाली, आणि तिने कर्करोगावर किरणोपचार करणारे रेषीय प्रवेगक देशात बनवले. सेवाग्रामच्या रुग्णालयात असे यंत्र बसले. ईसीआयएलचा उल्लेख वर आलाच आहे. कामरेजजवळून वाहणाऱ्या तापीच्या वरच्या अंगाला काक्रापारचे अणुवीज केंद्र आहे. तिथला स्वदेशी बनावटीचा पहिला ७०० मेगावॉटचा संच २२ जुलै २०२० रोजी क्रांतिक झाला. देशातल्या अशा अणुभट्ट्यांना नियंत्रणाची उपकरणे पुरवणाऱ्यांत ईसीआयएल आहे. पेडर रोडच्या बंगल्यापासून काक्रापारपर्यंतचा हा धागा कुणी आधी आखून ठेवलेला नव्हता. उपकरणे स्वतः बांधण्याच्या सवयीतून तो विणला गेला.

सुरत-कामरेजच्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रारणाला सिलिकॉनहून जास्त पुरून उरणारा पदार्थ म्हणजे हिरा. कार्बनचे अणू हिऱ्यात इतके घट्ट बसलेले असतात की त्यांना जागेवरून हलवायला सिलिकॉनच्या अणूंपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि हिऱ्यात गळतीचा प्रवाहही जवळजवळ नसतो. म्हणून वायूपासून थरांनी वाढवलेल्या कृत्रिम हिऱ्याचे संवेदक सीएमएस आणि अ‍ॅटलसमध्ये प्रवेगकाच्या नळीलगत बसवले आहेत. शलाका वाट चुकली तर सर्वांत आधी तेच सांगतात. या संवेदकांवर सर्नमधला आरडी-४२ हा गट १९९४ मध्ये काम करू लागला. वायूपासून हिरा वाढवण्याचा धंदा आज सुरतेत जोमाने वाढला आहे. दागिन्याचा हिरा आणि डिटेक्टरचा हिरा एक नव्हे. डिटेक्टरसाठी नायट्रोजनचे आणि स्फटिकदोषांचे प्रमाण फारच कमी लागते, आणि झळाळीपेक्षा विद्युतभार किती अंतर वाहतो याला किंमत असते. तरीही यंत्रे, गॅस आणि हात जिथे आधीच आहेत, तिथल्या कारखानदारांनी आणि सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या दिशेने टाटा संस्थेशी बोलणी करावीत, असे मला मनापासून वाटते. चिपच्या बाबतीत आपण मागे आहोत. हिऱ्याच्या बाबतीत मागे राहायचे कारण नाही.

शेवटी एक विनंती. संस्थेच्या इतिहासात संचालकांची आणि प्राध्यापकांची नावे जपली गेली. काच फुंकणारे, फायबर जोडणारे, चर कोरणारे, खाणीत रात्रपाळीला उतरणारे, फुगे बनवणारे तंत्रज्ञ मात्र फार थोड्या ठिकाणी नोंदले गेले, आणि वर मांडलेला सगळा युक्तिवाद त्यांच्या हातावर उभा आहे. त्यांच्यापैकी अनेक जण निवृत्तीनंतर महाराष्ट्रात, कर्नाटकात, गुजरातेत आपापल्या गावी गेले. त्यांच्या घरी कामाच्या वह्या, हाताने काढलेली रेखाटने, चाचण्यांचे तक्ते, जुने फोटो असतील. कुलाब्याला संस्थेचे अभिलेखागार आहे. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते रद्दीत घालू नये, जमेल तेवढी माहिती सोबत लिहून अभिलेखागाराकडे पाठवावे.